इंटरव्हलनंतरचे काका

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून आजवर जेवढ्या टॉकीज बंद पडल्या, तेवढ्या सगळ्या आमच्या ह्यांच्या थोरल्या काकांच्या बोलण्यात अजून चालू आहेत. एकीच्या जागी टॉवर झाला, एकीत प्लायवूडचं गोदाम आलं, एकीचं पार्किंग झालं. पण काकांना पत्ता विचारा. "सरळ जा, ढेकणांची टॉकीज लागेल. तिथून डावीकडे, पंख्यांच्या टॉकीजपर्यंत. तिथे कोणालाही विचार." टॉकीजची पाटीवरची नावं ते कधी घेत नाहीत. ती मालकांनी ठेवलेली, पब्लिकने ठेवलेली वेगळी, असं त्यांचं म्हणणं. ढेकणांच्या टॉकीजचं नाव कसं पडलं ते सांगायला नको. पंख्यांच्या टॉकीजमध्ये पंखे पुष्कळ होते आणि त्यातले फिरणारे कुठले हे जाणकारांनाच माहीत असायचं, म्हणून लोक खुर्ची न बघता छताकडे बघत जागा धरायचे. आणि पत्र्याच्या टॉकीजमध्ये पावसाळ्यात एक शब्द ऐकू यायचा नाही. "म्हणून चार महिने तिथे मारामारीचेच पिक्चर," काका सांगतात. "मारामारीत ऐकायचं काय असतं?"

मी आनंदनगरच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघते. कुठला माल कुठे निघाला आणि कुठे पोचला, याच्या नोंदींत माझा दिवस जातो. त्यामुळे नसलेल्या ठिकाणांवरून माणसं धाडणाऱ्या या चुलत सासऱ्यांशी माझं सुरुवातीला जमणं अवघडच होतं. माझ्या नणंदेच्या लग्नात घरातले वडीलधारे म्हणून हॉलचा पत्ता पत्रिकेत लिहायचा मान काकांना दिला आणि त्यांनी लिहिलं, 'जुन्या टॉकीजच्या मागे, विठ्ठलवाडी'. टॉकीज पाडून झाली होती. मुलाकडच्या मंडळींना घेऊन निघालेले रिक्षावाले सगळे तरुण. त्यांना टॉकीज म्हटल्यावर एकच ठिकाण ठाऊक. इकडे हॉलमध्ये भंतेजी येऊन बसलेले, आणि तिकडे नवरदेवासकट सगळी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली मंडळी मॉलमधल्या मल्टिप्लेक्सच्या दारात. तिथला सुरक्षारक्षक विचारतोय, "कौनसा शो है आप लोगों का?" माझ्या नवऱ्याने स्वतः जाऊन त्यांना आणलं. काकांना जाब विचारला तर ते उलट माझ्यावरच चिडले. "टॉकीजच्या मागे लिहिलं होतं, सूनबाई. टॉकीजच्या आत नाही."

त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं हा वेगळाच प्रकार आहे. गेलेल्या टॉकीजची जागा आली की पाय आपोआप हळू होतात आणि मान वर जाते, पोस्टर बघायला. पोस्टर अर्थातच नसतं. कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बॅनर असतो. मध्ये एक मोठा चेहरा, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा. काका तो बॅनर मन लावून वाचतात आणि निकाल देतात, "हिरो ठीक आहे, पण साइड हिरो फार घेतलेत. पडणार." शेजारचा फर्निचरवाला सिंधी दुकानदार त्यांना ओळखतो. तो गल्ल्यावरून ओरडतो, "चाचा, तिकीट ब्लॅक में है, लोगे क्या?" काका हात हलवून पुढे जातात. "ब्लॅकने बघण्यासारखा नाही रे हा."

पण काकांची खरी ख्याती दुसऱ्याच गोष्टीसाठी. ते कुठलीही हकिकत पहिल्यापासून सांगत नाहीत. मधूनच सुरू करतात, शेवटापर्यंत नेतात, थांबतात, पाणी पितात आणि मग सुरुवात सांगतात. काकू गेल्या त्या सकाळी त्यांचा मला फोन आला. "मंडपवाल्याला सांगावं लागेल. खुर्च्या लागतील, बसायला येतील लोक. तिची साडी मी काढून ठेवलीये, निळी." मला वाटलं, घरात काहीतरी कार्यक्रम ठरला. मी विचारलंसुद्धा, "काका, जेवण किती माणसांचं?" त्यांनी तेही नीट सांगितलं. मग जरा थांबले आणि म्हणाले, "रात्री तिला दम लागला होता गं."

काकू गेल्यावर काका विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या खोलीत एकटे राहू लागले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलत दीर, बदलापूरला नव्या टॉवरमध्ये राहतो. मुलगा चांगला आहे, वडिलांवर जीव टाकतो आणि म्हणूनच सारखा घाबरलेला असतो. वडील रोज दुपारी कुठे जातात असं त्याने शेजाऱ्यांना विचारलं, तर उत्तर आलं, "टॉकीजला." कुठल्या टॉकीजला, तर पाडलेल्या. मग तो त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी साधाच प्रश्न केला, काल दिवसभरात काय काय केलं. काका म्हणाले, "मग मी रिक्षाने घरी आलो, खिचडी टाकली, बातम्या बघितल्या आणि झोपलो." एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं. "आता सकाळी काय झालं ते ऐका." डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की घटनांचा क्रम लक्षात राहत नाही, एकटं ठेवू नये.

झालं. खोली भाड्याने द्यायची आणि काकांना बदलापूरला सोळाव्या मजल्यावर न्यायचं ठरलं. काकांनी एकदाच विरोध केला. "तिथून खाली बघितलं तर मला एकही रस्ता ओळखता येत नाही. तिथे मी कोणाला काय सांगू?" मुलगा माझ्याकडे आला. "वहिनी, तू व्यवहारी आहेस. एक दिवस त्यांच्याबरोबर फिर आणि मला खरं काय ते सांग. तू नेऊ या म्हणालीस तर नेतो, राहू दे म्हणालीस तर राहू देतो."

मी रजा टाकली आणि काय काय तपासायचं ते ठरवून गेले. रस्ता ओलांडताना बघतात का, सुटे पैसे नीट घेतात का, परतीची वाट सापडते का. या सगळ्यात काका माझ्यापेक्षा तयार निघाले. रिक्षावाल्याने मीटर बंद असल्याचं सांगून जास्त पैसे मागितले, तेव्हा त्यांनीच त्याला समजावलं, "अरे भाऊ, शेअरिंगचा भाव सगळ्यांना माहीत आहे, उगाच कशाला?" शेवटी आम्ही पंख्यांच्या टॉकीजच्या जागी आलो. तिथे आता मोबाइलच्या दुकानांची रांग आहे. एका शटरपाशी काका उभे राहिले, हात मागे बांधून.

"इथे काय होतं, काका?"

"लेडीज खिडकी. मी एमआयडीसीतून सुटायचो तोवर तीनचा शो निम्मा झालेला असायचा. तुझी काकू आधी येऊन लेडीज खिडकीवरून दोन तिकिटं काढायची. तिथे गर्दी कमी. पण आत जायची नाही. 'तुमच्याशिवाय कशी बघू?' म्हणायची. डबा घेऊन इथेच उभी."

"मग पिक्चर?"

"इंटरव्हलपासून. दारावर एक सिंधी म्हातारा होता, फाळणीत सिंधमधून येऊन इथल्या निर्वासितांच्या बराकीत राहिलेला. त्याला आमची दया आली. पिक्चर संपला की आम्हाला बाहेर काढायचा नाही. 'बैठो साईं. आधा देख लिया, आधा बाकी है.' मग सहाच्या शोचा पहिला भाग बघायचा, खुर्ची नसली तर पायरीवर बसून. इंटरव्हल झाली की घरी."

"म्हणजे तुम्ही सगळे पिक्चर उलटे बघितले?"

"उलटे कशाला? लग्न झाल्यापासून तो कारखाना बंद पडेपर्यंत आम्ही असेच बघितले. आम्हाला तेच सुलटं." त्यांनी समोरच्या शटरकडे बघितलं. "आणि एक सांगू का? त्यात फायदा होता. तुमच्या पिक्चरमध्ये हिरोची आई मरते आणि तुम्ही डोळे पुसत घरी जाता. आमच्यात ती आधी मरायची आणि मग तासाभराने स्वयंपाकघरात हसताना दिसायची. तुझी काकू तेव्हा मला कोपराने ढोसायची. 'बघा, आली.'"

मी तपासायच्या बाकीच्या गोष्टी तशाच सोडून दिल्या. जवळच सिंध्यांचं दालपक्वान, डाळ आणि कडक पुरी, मिळत होतं, ते आम्ही उभ्याउभ्या खाल्लं. संध्याकाळी दिराला सांगितलं, "डॉक्टर त्यांच्या जागी बरोबर असतील, पण काकांचा क्रम बिघडलेला नाही. तो पहिल्यापासून तसाच आहे. राहू दे त्यांना." त्याने मला दोनदा विचारलं, "नक्की?" मी दोनदा नक्की म्हणाले. खोली राहिली, काका राहिले. एकच अट घातली गेली, की महिन्यातल्या एका रविवारी मी त्यांच्याबरोबर फिरायचं आणि दिराला कळवायचं.

त्यालाही आता बराच काळ झाला. आधी आमची फेरी तिन्ही टॉकीजपर्यंत जायची. मग काकांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि पत्र्याची टॉकीज सुटली. नंतर ढेकणांची. गेल्या खेपेला पंख्यांच्या टॉकीजलासुद्धा पोचवेना. ते अलीकडच्या चहाच्या दुकानात बाकावर बसले आणि म्हणाले, "तू जाऊन ये. मी इथेच आहे."

मी एकटीच गेले. मोबाइलच्या दुकानांत सणाचा सेल लागला होता, दारांना फुगे बांधलेले, स्पीकर लावलेले. त्या शटरच्या जागेपर्यंत पोचायलाच मला खांदे मारावे लागले. तिथे जरा वेळ उभी राहिले आणि परत आले. काकांनी माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता.

"गर्दी होती का?" त्यांनी विचारलं.

"होती, काका. पाय ठेवायला जागा नव्हती."

"मग मी नाही आलो तेच बरं," ते म्हणाले. "तिला काय, लेडीज खिडकीवर मिळेल तिकीट. थांबेल ती."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. थट्टा केली असती तर ते माझ्याकडे बघून हसले असते. ते बशीतला चहा फुंकत होते, शांतपणे, पुष्कळ वेळ हाताशी असल्यासारखे. मी माझा चहा संपवला आणि त्यांना खोलीवर सोडलं. घरी पोचल्यावर दिराचा फोन आला. "वहिनी, कसे आहेत बाबा? सगळं नीट आहे ना?" मी हो म्हणाले.

त्याने या वेळी दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि मला बरं वाटलं.