चालू पंप

मुदखेडला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे एक मिस्त्री माझ्या ओळखीचे आहेत. फावल्या वेळात ते रिमोटवर चालणारी लढाऊ जहाजं बनवतात. तळ्यात ही जहाजं एकमेकांवर छर्रे झाडतात. बुडेल ते हरतं. म्हणून मिस्त्री लाकूड पातळच लावतात. "पत्रा ठोकल्यावर समोरच्यानं खेळावं कशाला?"

परवा लातूरहून आलेल्या गड्याच्या जहाजातला पाणी उपसायचा पंप ऐनवेळी अडकला. मिस्त्रींनीच उकिडवं बसून तो खोलला, गुंतलेला दोरा काढला, बादलीत चालवून दाखवला. मग दहा मिनिटांत तेच जहाज बुडवलं.

गुडघाभर पाण्यात शिरून त्यांनी ते वर काढलं आणि आधी कानाला लावलं.

"पंप चालू हाय," ते म्हणाले. "म्हंजे मीच बुडवलं."