सोमजाईपुढे माझ्या नावाचा नारळ

साताऱ्याच्या स्टँडवर महाडच्या गाडीत बसले, तेव्हा तिकीट फाडण्याआधी कंडक्टरने माझ्या पलीकडे पाहिले. पलीकडे खिडकी होती.

"सोबत कोण?"

"पिशवी," मी म्हटले.

त्याने एकच तिकीट फाडले, पण महाबळेश्वर येईपर्यंत तो मागे वळून बघत होता. सोबतचा माणूस मी सीटखाली दडवला आहे अशी त्याला शंका असावी.

आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली मी, आणि बी.ए. झालेली तर सगळ्या आळीत पहिली. महाडच्या एका संस्थेने पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या वाटेवर नवी शाळा काढली होती. तिथे मला शिक्षिकेची जागा मिळत होती. अट एकच, राहण्याची सोय ज्याची त्याने करावी. आईचीही एकच अट होती. खोली मिळाली नाही, तर कोरेगावच्या बिजवराला होकार द्यायचा. त्याची बागायत होती, दोन मुले होती आणि मिशा होत्या. वडिलांचे कल्हईचे दुकान आहे. निघताना भाता न थांबवता ते एवढेच म्हणाले, "खोली नाही मिळाली तर परत ये. मिळाली तरी परत ये, भांडी न्यायला."

महाबळेश्वर सोडले की घाट सुरू होतो आणि बोलणारी माणसे गप्प होतात. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मधे एका वळणावर इंजिन तापले. ड्रायव्हर झऱ्याचे पाणी आणायला गेला आणि आम्ही सगळे करवंदांच्या जाळ्यांत शिरलो. खाली सावित्रीचे खोरे उन्हात पसरले होते, डोंगरामागे डोंगर, जवळचा हिरवा, पुढचा निळा आणि शेवटचा आहे की नाही असा. करवंदांच्या रसाने माझे बोटांसकट तोंड काळे झाले. मुलाखतीला मी तशीच गेले, हे मला दुसऱ्या दिवशी आरशात कळले.

महाडात उतरल्यावर आधी खानावळ गाठली. बाहेर पाटी होती, 'फॅमिलीसाठी वेगळी सोय'. मालक गल्ल्यावरून उठून आला.

"फॅमिली कुठं आहे?"

"मीच फॅमिली."

त्याने जरा विचार केला आणि पडदा सरकवला. आत चार खुर्च्यांच्या टेबलावर एकटीने वालाचे बिरडे खाल्ले. भाकरी तांदळाची. आमच्याकडची ज्वारीची भाकरी ताटात पडली की कळते, ही पांढरीशुभ्र आणि इतकी मऊ की खाल्ल्यासारखे वाटेना. चार खाल्ल्या. पडद्याचा हाही एक फायदा.

संस्थेच्या चिटणिसांनी मुलाखत घेतली, पण त्यांना इतिहास-भूगोलापेक्षा माझ्या भावांची चौकशी जास्त. मला भाऊ नाही. "मग सोबतीला कोण राहणार?" मी म्हटले, "आत्मविश्वास." ते हसले नाहीत, पण खोली मिळाली तर जागा पक्की म्हणाले. रात्र त्यांच्याच बहिणीकडे काढली आणि सकाळी पोलादपूरची गाडी धरली. तिथून पुढे लाकडाच्या ट्रकमधून. ट्रकवाले चाचा महाडचे होते. त्यांनी मला पुढे बसवले, क्लीनरला मागे धाडले आणि वाटभर आपल्या मुलीच्या गणिताची तक्रार केली. सबंध प्रवासात 'सोबत कोण' न विचारणारा हा पहिला माणूस.

गाव उतारावर होते. शाळा-कमिटीचे अध्यक्ष आबा गोठ्यातून हात धुऊन आले. त्यांनी मला घरोघर हिंडवले. पाणी सगळ्यांनी दिले, कोकमाचे सरबतही दिले, खोली कोणी देईना. एका घरात सून म्हणाली, "बाय एकटी, आनि आमचे बापये मुंबैला." दुसऱ्या घरातली म्हणाली, "बाय एकटी, आनि आमचे बापये घरात." म्हणजे बापये कुठेही असोत, अडचण मीच.

शेवटी गावाच्या टोकाला एक म्हातारी अंगणात आमसुले वाळवत बसली होती. तिला सगळे आये म्हणत. नवरा जाऊन फार वर्षे झाली होती, मुलगी नांदत होती.

"पडवीतली खोली देन," ती म्हणाली. "पन माज्या चुलीवर जेवनार का आपली चूल मांडनार?"

"माझी मी मांडीन."

"मंग झाला घोटाळा," आबा म्हणाले.

घोटाळा असा. या गावात दुसऱ्याच्या चुलीवर जेवतो तो पाहुणा आणि स्वतःची चूल पेटवतो ते घर. नव्या घराने गावदेवी सोमजाईला नारळ द्यायचा, गुरवाने घरधन्याचे नाव घेऊन गाऱ्हाणे (देवापुढे मोठ्याने म्हणायची विनंती) घालायचे. त्याशिवाय तिथे धूर निघत नाही. आणि घरधनी म्हणजे बाप्या.

"बापाचं नाव सांगा," आबांनी सुचवले.

"ते साताऱ्यात जेवतात."

"मंग माजं लावा. भाची सांगू."

"आबा, तुम्हाला मी आज दिसले!"

भाची झाले असते तर सगळे सोपे होते. पण उद्या पगार माझा, चूल माझी, आणि देवीपुढे मात्र मी कुणाची तरी भाची? मी नाही म्हटले. नाही म्हणताना कोरेगावच्या मिशा डोळ्यांपुढे आल्या, तरी नाहीच म्हटले.

संध्याकाळी देवळात गाव जमले. गुरवाने नारळ हातात घेतला आणि अडला.

"बाईमानसाच्या नावानं घराचा नारळ मी कधी घातला नाय. आयेचापन दर शिमग्याला तिच्या मेल्या घोवाच्या नावानं घालतो."

एकजण म्हणाला, देवीला चालायचे नाही. तेव्हा मागच्या खांबापासून आयेचा आवाज आला, "देवीला काय इचारतोस? ती तरी कुठं नवरा घेऊन बसलीय?"

आधी बायका हसल्या, मग आबा. गुरवाने गाभाऱ्याकडे पाहिले. सोमजाई खरोखरच एकटी होती. त्याने घसा साफ केला.

"बाय, नाव सांग."

"यमुना."

"माये सोमजाय! ही यमुना तुज्या गावात घर मांडते. तिच्या चुलीची राखन कर. पोरांना शिकवंल, तिच्या तोंडाला यश दे!"

"व्हय महाराजा!" गाव म्हणाले. नारळ फुटला. माझा देवावर फारसा विश्वास नाही, पण पदवीदान समारंभात पुकारलेले नावही मला इतके माझे वाटले नव्हते.

सगळे उठू लागले, तर आये पुढे आली. "गुरवा, शिमग्याच्या नारळाला माजं नाव घे. मेल्याला लय वर्सं दिला."

"घेतो. तुजं नाव काय गो?"

गावात तिचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. "म्हायेरचं का सासरचं?" तिने विचारले, आणि कोणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाली, "म्हायेरचं घे. चिमी."

परतीच्या गाडीत कंडक्टरने विचारलेच, "सोबत कोण?" मांडीवर आयेने दिलेला फणस होता. मी त्याच्याकडे बोट दाखवले.

घरी आईने फणसाकडे बघूनच ओळखले आणि कोरेगावला निरोप कोण नेणार म्हणून कपाळाला हात लावला. वडील दुकानात माझ्यासाठी पातेल्याला कल्हई करत होते. त्यांना सगळे सांगितले, नारळाचे मात्र शेवटी. मला वाढवले त्यांनी, शिकवले त्यांनी, आणि देवीपुढे त्यांचे नाव मी घेऊ दिले नव्हते.

ते पातेल्यात चिंधी फिरवत राहिले. आत चंद्रासारखी चकाकी धरली.

"काय म्हणाला गुरव? शब्द सांग."

मी सांगितले. त्यांनी पुन्हा म्हणायला लावले. मग पातेले उजेडात धरून म्हणाले, "नुसतं यमुना?"

"हो."

"बी.ए. नाही म्हणाला?"

"नाही."

"शिमग्याला सांग त्याला," वडील म्हणाले आणि दुसरे पातेले पुढे ओढले.