टप एकटीनं उचलायचा

पिलार आत्या बॉयसी शहरातल्या कॅम्परवाल्याबरोबर पळून जाणार, अशी बातमी एप्रिलात आमच्या गावभर झाली. बातमी पशुखाद्याच्या दुकानातल्या कॉफीच्या थर्मासपाशी जन्मली होती, म्हणजे तिच्या खरेपणाबद्दल वेगळं काही बोलायला नको. पुरावा काय, तर अडुसष्ट वर्षांची विधवा, तीन तास जायला नि तीन तास यायला गाडी हाकत, महिन्याभरात चार वेळा एकाच दुकानात जाते. तेही लिपस्टिक लावून!

खरं असं की, लिपस्टिक ती गुरांच्या लिलावालाही लावते. आणि तो कॅम्परवाला, ट्रॉय त्याचं नाव, चौथ्या भेटीनंतर खरोखरच पळून जायच्या बेतात होता. पण एकटा, आणि आत्यापासून.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. हयात शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. गावातल्या दोन पिढ्यांनी तिच्या हातचं चोरिझो सॉसेज घातलेलं घेवड्याचं कालवण खाल्लं आणि सोबत तिच्या तोंडची बोलणीही खाल्ली. तिचा नवरा, फ्रँक काका, गेल्यावर ती वर्षभर घरातच बसून होती. मग एका रविवारी सगळे जेवत असताना तिनं डाव खाली ठेवला आणि म्हणाली, "या उन्हाळ्यात मी स्टीन्सवर जाणार. एकटी."

"एकटी?" बाबा म्हणाले.

"नाही रे रामोन, वाजंत्री घेऊन जाते."

स्टीन्सच्या डोंगरावर आमचे आजोबा मालकाची मेंढरं घेऊन उन्हाळेच्या उन्हाळे एकटे काढायचे. बोलायला माणूस नाही, म्हणून अ‍ॅस्पेनच्या खोडांवर चाकूनं कोरत बसायचे: स्वतःचं नाव, साल, स्पेनकडच्या बास्क मुलखातली, म्हणजे त्यांच्या मूळ गावाकडची, कुणी एक बाई (ती आमची आजी नव्हे), आणि मालकाबद्दलचं मत. ही झाडं साधारण माणसाइतकीच जगतात. आता एकेक आडवं व्हायला लागलंय. उभी आहेत तेवढी सगळी हिंडून बघायची, असं आत्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

तंबूत जमिनीवर झोपायला तिच्या गुडघ्याची परवानगी नव्हती. म्हणून ट्रकच्या पाठीवर बसणारा कॅम्पर, म्हणजे झोपायची फिरती खोली. रस्त्यात त्याचा टप खाली बसलेला असतो. मुक्कामाला आत शिरून तो ढकलत वर उचलायचा, म्हणजे मधलं कापड ताणलं जातं आणि माणसाला आत उभं राहता येतं. आत्याची उंची पाच फुटांच्या आतच आहे, पण वाकून स्वयंपाक करणं हा तिला अपमान वाटतो.

कॅम्परला ट्रक लागतो. ट्रक बाबांकडे होता, त्यामुळे अट घालायची सोयही बाबांकडेच होती.

"ट्रक ने, पिलार. कायमचाच ठेव. पण वर जाऊन टप उचलता आला नाही तर कुणाला हाक मारशील? मेंढ्यांना? माझ्यासमोर, इथं अंगणात, एकटीनं आतून उचलून दाखव. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

"आणि नाही जमलं तर?"

"तर ट्रक माझा माझ्याकडे, आणि तू जुलैत आमच्याबरोबर समुद्रावर यायचं."

समुद्रावर म्हणजे आम्ही सहा जण, एक न्हाणीघर आणि बाबांचं घोरणं. आत्या म्हणाली, "मान्य." इतक्या लगेच म्हणाली की आई जरा दुखावलीच.

पुढचा महिना गावानं आत्याच्या कॅम्परला वाहून घेतला. कॉफीच्या थर्मासपाशी अध्यक्षस्थानी डेल्बर्ट क्विलन असतो. हा रस्ते खात्यातून निवृत्त झालेला आणि चाळीस फुटी ट्रेलरचा मालक. त्या ट्रेलरमध्ये दोन टीव्ही आहेत, एक खोटी शेकोटी आहे, आणि आणल्या दिवसापासून तो डेल्बर्टच्या अंगणातून हललेला नाही. प्रवासाबद्दलचा त्याचा सल्ला त्यामुळे अगदी शुद्ध असतो, अनुभवाची भेसळ नाही.

"पिलार, तू चांदवा घे," तो डोळे मिटून सांगायचा. "बाजूनं उलगडणारा. चांदव्याविना कॅम्पर म्हणजे हॅटविना माणूस. चारचौघांत दिसतं ते."

"तिथं चारचौघं नसतात, डेल्बर्ट."

"म्हणूनच! सावलीत बसलं की येतात."

"हं," आत्या म्हणाली. "विचार करण्यासारखं आहे."

आमच्या घरात लहान मुलालाही माहीत आहे की आत्याचं 'विचार करण्यासारखं आहे' म्हणजे नाही. गावाला माहीत नाही. कुणी म्हणालं टपावर कॅरियर बसव, होडी ठेवता येईल. (स्टीन्सवर होडी!) कुणी म्हणालं बाहेरून आंघोळीचा फवारा. कुणी कुत्र्यासाठी घडीची पायरी सुचवली. आत्याकडे कुत्रा नाही, पण पायरी असली की येईल, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना तिनं एकच उत्तर दिलं, आणि सगळे आपापली वस्तू घेतली गेली अशा समाधानात घरी गेले.

चौथ्या खेपेला मी तिच्याबरोबर बॉयसीला गेले. ट्रॉयचे दात पांढरेशुभ्र आणि तोंडात एकच वाक्य.

"बहुतेक लोक दोन सोलर पॅनेल घेतातच, मॅडम."

"का?"

"म्हणजे... बहुतेक लोक घेतात."

"ते बसवतात कुठं?"

"टपावर."

"आणि चांदवा?"

"तोही टपालाच लागतो. बहुतेक लोक..."

"बहुतेक लोक उंचीनं केवढे असतात रे?"

मग आत्यानं त्याला नमुन्याच्या कॅम्परवर पॅनेल चढवायला लावली, चांदवा लावायला लावला, स्वतः आत शिरली आणि टप उचलायला गेली. टप वीतभर वर गेला आणि धाडकन खाली. दुकानातली दोन माणसं दचकून बाहेर आली. आत्यानं दारातून डोकं काढलं. "हे नको," ती म्हणाली. तेव्हा मला कळलं की आधीच्या तीन भेटींतही तिनं हेच केलं होतं. एकेक वस्तू टपावर चढवायला लावायची आणि उचलून बघायचं. ट्रॉयचा कोट खुर्चीच्या पाठीवर होता नि बाह्या कोपरापर्यंत वर. मला त्याची थोडी दया आली, पण फार नाही.

शेवटी तिनं घेतलं काय? एक हीटर, एकच पॅनेल (दुधाला फ्रिज लागतो, आणि फ्रिजला वीज), आणि टप उचलताना जोर देणारे गॅसचे जादा दांडे. संपलं.

संपलं असतं. पण आमचे बाबा प्रेमळ आहेत.

कॅम्पर चढवून घ्यायला ट्रक बॉयसीला न्यायचा होता. बाबा म्हणाले, "तू कशाला दगदग करतेस, मी जातो." जाण्याआधी थर्मासपाशी थांबले. तिथं डेल्बर्ट म्हणाला, बिचारी विधवा बाई, किती काटकसर करते, आपण सगळे मिळून तिला चांदवा भेट देऊ. बाबांना भरून आलं. पुढं दुकानात ट्रॉयनं त्यांना 'बहुतेक लोक' ऐकवलं. आत्यापुढं चार वेळा वाया गेलेलं वाक्य बाबांवर पहिल्याच फटक्याला लागू पडलं. तेव्हा बाबांतर्फे एक जादा पॅनेल, शिवाय कॅरियर.

बाबांनीच अट घातली आणि बाबांनीच टपावर वजन चढवलं. कुणी म्हणेल, मुद्दाम. छे! मुद्दाम करायला आधी दोन गोष्टी एकत्र सुचाव्या लागतात.

शनिवारी अंगणात अर्धं गाव जमलं. आपापल्या खुर्च्या घेऊन. आत्या आली, ट्रकभोवती एक फेरी मारली, मान वर करून टप बघितला.

"हे काय?"

"सरप्राइज!" डेल्बर्ट म्हणाला.

"दुसरं पॅनेल माझ्याकडून," बाबा म्हणाले. लाजले सुद्धा.

आत्यानं दोघांकडे इतका वेळ बघितलं की कुणीतरी खुर्ची सरकवली. मग "हं" म्हणाली आणि आत शिरली. 'विचार करण्यासारखं आहे' हे म्हणालीच नाही, यावरून काय ते समजा.

"तीन वेळा!" डेल्बर्टनं जाहीर केलं. त्याला कुणी पंच नेमलं नव्हतं. "तीनदा प्रयत्न करायचा. जास्त नाही."

पहिल्यांदा टप हललाच नाही. दुसऱ्यांदा पुढची कड कशीबशी वीतभर उठली, आतून आत्याचा हुंकार ऐकू आला, आणि धाड! आईनं डोळे झाकले. बाबा नखं खात होते. आपण काय करून बसलो ते त्यांच्या आत्ता कुठं लक्षात येत होतं.

"पिलार, पाय फाकव!" डेल्बर्ट ओरडला. "पोटातून जोर लाव! मी आत येऊ का?"

"ये की. मग ट्रक रामोनचा आणि मी समुद्रावर. तूही चल, एकाच न्हाणीघरात मावू."

ती खाली उतरली. घाम पुसला. "रामोन, अट काय होती?"

"एकटीनं. आतून. कुणाचा हात न लागता."

"टपावर काय असावं, हे अटीत होतं?"

"न... नाही."

आत्या गॅरेजमध्ये गेली आणि शिडी, पान्यांचा डबा नि गुरं बांधायचा दोर घेऊन आली. बाबा शिडी धरायला धावले.

"हात लावू नकोस. अट मोडेल."

"अगं पण शिडी म्हणजे काही टप नव्हे!"

"रामोन."

बाबा मागं सरले. नंतरचा तासभर आमच्या गावातल्या पुरुषांचे जे हाल झाले ते बघून पाषाणालाही पाझर फुटला असता. आमच्याकडे गाडी रुतली तर अनोळखी माणसासाठीही लोक जेवणावरून उठतात. आणि इथं म्हातारी बाई शिडीवर चढून, तुमच्या नाकासमोर, तुम्हीच दिलेला चांदवा सोडवते आहे, आणि तुम्ही खुर्चीत बसून राहायचं! एक जण हातांवर बसला होता. डेल्बर्ट दर बोल्टला कण्हत होता.

"डावीकडे फिरव. अगं, डावीकडे. तुझ्या डावीकडे!"

"डेल्बर्ट, तुझी ती खोटी शेकोटी उंदरांनी वायर कुरतडून खरी कशी पेटवली ते सांगू का सगळ्यांना?"

डेल्बर्ट थोडा वेळ डावं-उजवं विसरला.

चांदवा लांबलचक, एका टोकाला धरायला दुसरा माणूस हवाच. आत्यानं दोर अंगणातल्या कॉटनवुडच्या फांदीवरून टाकला, चांदव्याच्या मध्यावर गाठ मारली, दुसरं टोक ट्रकच्या बंपरला गुंडाळलं आणि मग शेवटचे बोल्ट काढले. चांदवा लोंबकळला. मग तिनं दोर हळूहळू सोडत तो नेमका डेल्बर्टच्या पायाशी उतरवला. "आभारी आहे हं," ती म्हणाली. "फार विचार करण्यासारखा होता."

नंतर कॅरियर निघालं. मग ती बाबांच्या पॅनेलपाशी आली, पाना लावला, आणि थांबली. बाबा मान खाली घालून बुटाच्या टोकानं माती उकरत होते. आत्यानं पाना खिशात टाकला आणि शिडी उतरली.

मी दाराशीच उभी होते. "आत्या, ते पण काढ की. एकच प्रयत्न उरलाय."

"राहू दे तेवढं. तोंड बघ त्याचं."

"बाबांच्या तोंडासाठी उन्हाळा घालवणार? ते ठेवलंस तर टप उचलणार नाही. बॉयसीला माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

"बॉयसीला चांदवाही होता."

"आणि आज तुझे दंड एक तास शिडीवर थकलेत. नाही उचलणार."

"पैज?"

"पैज."

"हरशील तर, कॅम्परबरोबर ट्रॉयनं ती संडासाची पेटी फुकट दिलीय ना, ती रिकामी करायचं काम तुझं. अख्खा उन्हाळा."

"आणि मी जिंकले तर?"

"तर समुद्रावर तुझ्या खोलीत झोपेन मी. आणि मीही घोरते."

यात माझा फायदा कुठं होता हे मला अजून कळलेलं नाही, पण मी हो म्हटलं. ती आत गेली. खिडकीतून दिसत होतं: पलंगावर गुडघ्यांवर बसली, उशी डोक्यावर ठेवली आणि हातांनी न उचलता पाठ वर काढली, मांजर आळस देतं तशी. पुढची कड वर गेली आणि टक्कन अडकली. मग मागं आली, बाकावर चढली, पुन्हा उशी, पुन्हा पाठ. टप एकदा थबकला. बाबा पुटपुटत होते, "अगं चल, चल, चल." स्वतःचाच ट्रक घालवण्यासाठी इतक्या कळकळीनं देवाला साकडं घालणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

टक्.

कापड ताणलं गेलं. आत आत्या ताठ उभी होती, केस विस्कटलेले, लिपस्टिक मात्र जागच्या जागी. बाबांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि नाक शिंकरायला घराच्या मागं गेले.

तेव्हापासून ती स्टीन्सवर आहे. दर दुसऱ्या शुक्रवारी पीठ-साखर न्यायला खाली येते. आजोबांची सतरा झाडं सापडली म्हणते. त्यातली चार त्या बाईबद्दल आहेत. ती एकटी जाते, एकटी टप उचलते, कुणाची मदत म्हणून घेत नाही. फक्त ती पेटी तेवढी वर कुठं रिकामी करत नाही. माझ्यासाठी जपून, काठोकाठ भरून आणते.