एआयचं निंदण

आमच्या रिठदच्या शेतकरी गटात एआयचं ॲप आलं आणि माझ्याकडे किश्श्यांचा ढीग लागला. गटाचा सचिव मी, म्हणजे मोबाईल माझ्या हातात आणि शिव्याही मलाच!

ॲपचं काम एकच. पिकाचा फोटो काढला की तण ओळखून बाईच्या गोड आवाजात सांगायचं. मग तेवढ्या तणावरच ड्रोनने फवारणी. गटाचे अध्यक्ष गजाननभाऊ इतके हरखले, की म्हणाले, "हे चाललं की निंदण बंद!" आता निंदणाऱ्या, म्हणजे हाताने तण काढणाऱ्या, बारा बायांची टोळी शांताबाईंची, आणि त्यांचा पावसाळा त्या निंदणावरच चालतो. त्या एवढंच म्हणाल्या, "पाहू."

*

पहिला फोटो भाऊंच्याच सोयाबीनचा. मधल्या ओळीतली तूर पाहून ॲप म्हणालं, "तण."

"अबे, तूर हाय ते!" भाऊ मोबाईलवरच ओरडले.

"वरडू नका भाऊ," शांताबाई म्हणाल्या, "नवी हाय बिचारी गावात."

*

मग धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ॲपचा कॅमेरा बसवला. रानडुकरं येऊ नयेत म्हणून आम्ही शेताभोवती जुन्या साड्या बांधतो. सकाळीच मेसेज आला : "शेतात चौतीस महिला मजूर उभ्या आहेत. काम सुरू नाही."

भाऊ हातातली भाकर टाकून शेताकडे पळाले! मागून शांताबाईंचा आवाज, "त्यातल्या दोन साड्या माह्या हायत भाऊ, हजेरी लावजा!"

*

शेवटी ॲपच्या कंपनीचा इंजिनिअर आला. म्हणाला, ॲपला शिकवावं लागेल. शेकडो फोटो पाहायचे आणि तण दिसलं की बोटाने लाल गोल करायचा. तण ओळखणार कोण? सगळ्यांनी शांताबाईंकडे पाहिलं.

आठ दिवस टोळी निंबाखाली बसून गोल करत होती. फोटोही असे, की दर दुसऱ्या फोटोत कंबरेवर हात ठेवून भाऊ उभे! "कंबर दुखून नाई राह्यली, तं काम केल्यासारखंच वाटून नाई राह्यलं," एक जण म्हणाली.

मला मात्र वाईट वाटत होतं. बाया आपल्याच पोटावर पाय देणारं यंत्र शिकवत होत्या. मी शांताबाईंना हळूच तसं म्हटलं. त्या हसल्या. "शिकवून राह्यलो न आमी, बराबर शिकवून राह्यलो."

*

परीक्षेच्या दिवशी अख्खा गट धुऱ्यावर जमला. तूर दाखवली. "पीक." गाजरगवत दाखवलं. "तण." भाऊ तर नाचायचेच बाकी होते!

"आता माहा फोटो काढ पिकासंगं," म्हणत ते कंबरेवर हात ठेवून सोयाबीनमध्ये उभे राहिले. मी काढला.

ॲप गोड आवाजात म्हणालं, "तण. मुळासकट उपटा."

शांताबाईंनी तोंडाला पदर लावला. "मशीन हाय भाऊ, चुकते कधीमधी. सोमवारी निंदाले किती जनी आनू?"