यादीबाहेरचा हंडा

‘सगळ्यांना पुरेल का?’ असं तुम्ही विचारता, तेव्हा त्या सगळ्यांत कोण कोण धरलेलं असतं?

मी हा प्रश्न स्वतःला उशिरा विचारला. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील पाणी-जमिनीच्या मोर्चांची पत्रकं वाटायचे. उरलेल्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. त्यामुळे समान वाटपाबद्दल मला कोणी काही शिकवायची गरज नाही, असं मला वाटे.

भाजे लेण्यांजवळच्या आमच्या गावात पावसाळ्यात पाणी नको नको होतं आणि मे महिन्यात विहीर तळाला जाते. मग सकाळी हंड्यांची रांग लागते. जुनी रीत अशी, की दर घराला दोन हंडे. पण त्याआधी पहिला हंडा गावात घर नसलेल्याचा. धनगर, वीटभट्टीवरचा मजूर, जो कोणी आला असेल त्याचा. गेल्या वर्षी मी ही रीत मोडली. नऊ माणसांच्या घराला दोन हंडे आणि दोघांच्या घरालाही दोनच, हा कुठला न्याय? मी घरोघरची रेशनकार्डं बघून यादी केली, माणशी पाणी ठरवलं, ग्रामसभेत भांडून ते मंजूर करून घेतलं आणि विहिरीच्या कठड्यावर यादी घेऊन बसले.

तिसऱ्या दिवशी, वर डोंगराकडे पर्यटकांना भाड्याने देतात त्या बंगल्याच्या वॉचमनची बायको हंडा घेऊन आली. नांदेडकडची. बंगल्याची बोअर आटली होती आणि टँकर शुक्रवारी, पाहुण्यांच्या आधी यायचा होता.

“तुमचं नाव यादीत नाही,” मी म्हणाले.

“बंगल्यात पवायचं तळं भरलंय की,” रांगेतून एकजण म्हणाली. “त्यातलं पी.”

“औषध असतंय त्यात. काल पोरीनं पिलं, तवापासून उलट्या करायलीय.”

ती हंडा उचलून वळली. मी यादीतलं पुढचं नाव पुकारलं. यादीत ती नव्हतीच.

रांगेतली चौथी, एक म्हातारी मावशी, ओरडली, “ए शहाणे, तुझ्या यादीत माझी म्हस बी न्हाई. तिचं काय रेशनकार्ड काढू? ये गं बाई, माझ्या म्होरं ठेव हंडा.”

“मावशी, आज हिला दिलं तर उद्या समदे बंगलेवाले येत्याल!” मागून कुणीतरी म्हणालं.

“येऊ द्या की. हितं कोण पवायला येतंय?”

रांग हसली. हंडा भरला. मी शेवटच्या घरापर्यंत थांबले. खरं सांगायचं तर पाणी संपावं असंच मला वाटत होतं, म्हणजे माझी यादी बरोबर ठरली असती. संपलं नाही. शेवटचे हंडे गढूळ निघाले, पण निघाले. पोरगी दोन दिवसांनी खेळायला लागली.

माणशी पाणी मला अजूनही योग्य वाटतं आणि गावात ते चालू आहे. फक्त पहिला हंडा पुन्हा बाहेरच्या माणसाचा झाला. जगात सगळ्यांना पुरेल एवढं पाणी आहे की नाही, ते मी मोजलेलं नाही. पण एकाच कुंपणाच्या आत पोहायला पाणी होतं आणि एका पोरीला प्यायला नव्हतं, हे मी पाहिलं आहे. त्याला मी तुटवडा म्हणणार नाही.

लोणावळ्याकडे बंगला भाड्याने घेत असाल, तर एवढं करा. टँकर आला का, हे मालकाला विचाराल तेव्हा वॉचमनच्या खोलीतल्या नळाचंही विचारा. त्या नळाला पिण्याचं पाणी येतं असं मालक सांगत नाही, तोवर बुकिंग करू नका. आणि पोचल्यावर त्या वॉचमनच्या बायकोला विचारून खात्री करून घ्या.