नलूताईंच्या खांद्याचं माप

शुभांगीचा फोन आला तेव्हा मी चंदनसारच्या फ्लॅटमध्ये डाळीला फोडणी देत होते. "काकी, आई गेल्या…" एवढंच ती बोलली. चहा घेऊन खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. नलूताई माझ्या थोरल्या जाऊबाई, शुभांगी त्यांची सून. गासच्या वाडीत आम्ही दोघी जावांनी एका स्वयंपाकघरात अर्धं आयुष्य काढलं. महिना उलटून गेला, तरी ताईंची आठवण आली की मला रडू येण्याआधी चीड येते.

वाडी सोनचाफ्याची. उजाडताना डाव्या हातातल्या आकडीने फांदी खाली ओढायची आणि उजव्या हाताने फूल खुडायचं. फांदी मोडेल या धास्तीने ताई गड्यांना झाडाजवळ फिरकू देत नसत. या बाबतीत त्या पक्क्या हट्टी. वर्षानुवर्षं ओढून ओढून डावा खांदा पार झिजला. शेवटी अंबाडाही बांधता येईना. शुभांगी केस विंचरायची तेव्हा त्या डोळे गच्च मिटून बसायच्या.

डॉक्टरांनी खांद्याचा सांधा बदलायचं ठरवलं. त्याआधी सीटी स्कॅन झाला. हात अंगाशी पट्ट्याने बांधून त्यांना यंत्रात सरकवलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अगं, मला वाटलं, मला बांधून ठेवून सगळे चहाला गेले!" शुभांगी आणि मी हसलो. मग डॉक्टरांनी स्क्रीनवर त्यांचंच हाड फिरवून फिरवून दाखवलं. खांद्याची वाटी किती खोल उरलीय, मागे किती कललीय, नवा भाग स्क्रूने बसवायला हाड पुरेल का, सगळं मोजलेलं होतं.

"बसेल," डॉक्टर म्हणाले, "पण अगदी काठावर आहे. लवकर करून टाकू. मध्ये झीज वाढली तर हे माप कामाचं राहणार नाही."

पण श्रावण तोंडावर आला होता, पाठोपाठ गणपती, नवरात्र. फुलांच्या घरात सणाच्या दिवसांत कुणी दवाखान्यात पडत नाही. "माप घेतलंय ना? मग हाड काय पळून जातंय?" ताई म्हणाल्या. "दिवाळी झाली की जाऊ." घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. हात वर जात नव्हता, म्हणून त्यांनी आकडीची काठी लांब करून घेतली आणि सणभर अंगाचा भार टाकून फांद्या ओढल्या.

दिवाळीनंतर पुन्हा स्कॅन केला. वाटीचा मागचा काठ उरलाच नव्हता. आता आधी तिथे हाडाचा तुकडा लावायचा, मग सांधा. म्हणजे ऑपरेशन लांबणार. आणि एवढा वेळ भूल त्यांच्या हृदयाला झेपणार नाही, असं हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

"म्हणजे आता हे असंच?" ताईंनी विचारलं.

त्यानंतर ताई खिडकीशी बसून असायच्या. फुलं दुसऱ्यांच्या हातांनी उतरायची. फांदी कडकन मोडली की त्या दचकायच्या, पण ओरडायच्या नाहीत. ते न ओरडणंच मला सहन व्हायचं नाही. एकदा माझा हात धरून म्हणाल्या, "घरात सगळे आहेत गं, पण मी मात्र अडकून पडलेय." मी पदराने त्यांचे डोळे पुसले. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

स्वयंपाकघर मात्र त्यांनी सोडलं नाही. वरच्या फळीवरचे मोठे डबे दोन हातांशिवाय निघत नसत, म्हणून त्यांनी सगळे डबे खाली कमरेच्या उंचीवर आणवले. परवा मी गासला गेले, तेव्हा शुभांगी म्हणाली, "काकी, डबे आता वर ठेवू या का? वाकून वाकून कंबर मोडते."

मी पोह्यांचा डबा दोन्ही हातांत घेतला. हात सहज फळीपर्यंत गेले… इतके सहज, की मला माझ्याच हातांची लाज वाटली. डबा होता तिथेच परत ठेवला. शुभांगीने माझ्याकडे पाहिलं, आणि ती चहापत्तीच्या डब्यासाठी खाली वाकली.