पिवळ्या हातांचा संशयित

पोलिसातल्या नोकरीत बरेच गुन्हे उघडकीस आणले, पण हा एक अजून मनातून जात नाही.

आखाडा बाळापूरच्या आठवडी बाजारात एका धनगर म्हातारीची सोन्याची पोत चोरीला गेली. एका दुकानाच्या कॅमेऱ्यात चोर दिसत होता. चेहरा ओळखणारी यंत्रणा आमच्याकडे नुकतीच आली होती. हवालदारांनी चित्र टाकलं आणि लगेच नाव आलं, कुरुंद्याचा एक मजूर. जुन्या हाणामारीच्या गुन्ह्यामुळे त्याचा फोटो आमच्या दप्तरी होता. मीही हुरळलो. भरदुपारी गाडी पाठवून त्याला हळदीच्या खळ्यावरून चारचौघांत उचलून आणलं.

चौकशीत त्याचं एकच पालुपद. "साहेब, आमी पंधरा दिवस झाले हळदच शिजवून राहिलो. बाजारात गेलोच न्हाई."

"मग मशीन काहून तुझंच नाव सांगून राहिलं?" हवालदार गरजले.

त्यानं हात जोडले. "पोरीची सोयरीक जमून राहिली, साहेब. पाव्हण्याच्या कानावर गेलं तर मोडंल."

माझी नजर त्या हातांवर गेली. तळवे, नखं पिवळीजर्द. हळद शिजवणाऱ्याचे हात हंगामभर साबणाला दाद देत नाहीत, हे कुरुंद्याचं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही शहाणे मात्र पडद्याकडे बघत बसलो होतो. चित्रीकरण पुन्हा लावलं. पोत ओढणारा हात स्वच्छ होता. खळ्याच्या मालकाचा जबाब घेतला, तोही जुळला.

"जा बाबा घरी," मी म्हणालो. तो उठेना.

"नेलं तवा समद्यांनी पाह्यलं, साहेब. आता सोडायला तुमीच चला."

हवालदारांनी डोळे वटारले. मी टोपी घातली आणि निघालो. खळ्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक आमची झाली. हा माणूस निर्दोष आहे."

पुढे सराफांकडे जुनी पायपीट केली. पुसेगावच्या एका सराफानं पोत विकायला आलेल्या माणसाची खबर दिली आणि खरा चोर मुद्देमालासह सापडला. त्याची चेहरेपट्टी मजुराशी मिळतीजुळती होती, एवढंच. त्याच दिवशी मी ठाण्यात लेखी आदेश काढला. यंत्रानं दिलेलं नाव ही खबर, पुरावा नव्हे. शोध कुणी आणि कशासाठी घेतला, याची स्टेशन डायरीत नोंद हवी. खातरजमेशिवाय कुणाला आणायचं नाही. शेजारच्या ठाण्यांनी तो आदेश मागून नेला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

आता या यंत्रांसाठी कायदा करायची चर्चा ऐकतो. जरूर करा. माझं एक कलम तेवढं घाला. चारचौघांत उचललेल्या निर्दोषाला सोडायला साहेबानं स्वतः, चारचौघांतच जावं. मी गेलो होतो. सोयरीक मोडली नाही.